कॅसलरॉकहून कराचीकडे

लोंढा जंक्शन सोडून गोव्याकडे निघालेली आगगाडी तिनईघाट ओलांडते, आणि दाट झाडीतून वाट काढीत कॅसलरॉक नावाच्या एका लहानशा स्टेशनावर येऊन विसावते. येथून पुढे घाट उतरायचा, दूधसागरचा धबधबा डोळे भरून पाहायचा आणि कुळ्याला गोव्याच्या भूमीवर पाय ठेवायचा. आज या स्टेशनात फारसे कोणी उतरत नाही. जोयडा तालुक्याच्या या टोकाला पावसाळ्यात इतका पाऊस पडतो की फलाटाच्या भिंतींवर शेवाळ धरते. परंतु एके काळी हे राज्यांच्या सीमेवरचे स्टेशन होते. पश्चिमेला पोर्तुगालच्या राजाचा मुलूख, पूर्वेला इंग्रजांचा. १८७८ साली या दोन सरकारांत करार झाला आणि पुढच्या दशकात मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत लोहमार्ग आला. गोव्याहून मुंबईस जाणाऱ्या प्रत्येक उतारूला कुळे आणि कॅसलरॉक या ठिकाणी आपल्या पेट्या, वळकट्या उघडून जकातीच्या शिपायांना दाखवाव्या लागत.

माझे वडील याच स्टेशनावर नोकरीस होते, त्यामुळे माझे बालपण तेथे गेले. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. घरची बाई मूळची सासष्टीकडची. आम्ही सारे तिला नुसते ‘बाय’ म्हणत असू. त्यांच्या घरी नाताळात दोदोल आणि नेवऱ्या होत, आमच्या घरी दिवाळीत करंज्या आणि चकल्या. ताटे एकमेकांकडे जात आणि कधीच रिकामी परत येत नसत. घरात त्या कोकणी बोलत, आमच्याशी कोकणीमिश्रित मराठी. बायचा थोरला भाऊ कराचीस होता. त्याचे पत्र आले की बाय ते पत्र आधी स्वतः वाचीत, मग आईला वाचून दाखवीत, आणि शेवटी त्याच्यावरचा तिकिटाचा तुकडा मला देत.

मुलाला दूरच्या देशाचे वाटावे असे ते कराची मुळात फार परके नव्हते. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. आमचे उत्तर कन्नडही १८६२ पासून त्याच इलाख्यात. म्हणजे सुप्याच्या जंगलातला कुणबी आणि कराचीच्या बंदरावरचा हमाल एकाच गव्हर्नरची प्रजा होते. आपल्या मराठी माणसांनाही कराची नवी नव्हती. तेथील पहिली सरकारी इंग्रजी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने आजही उभी आहे. गोव्याच्या ख्रिस्ती तरुणांनी पोटासाठी हीच वाट धरली. कॅसलरॉकला पेट्या उघडायच्या, मुंबईस कूड नावाच्या गावकीच्या खोलीत चार दिवस काढायचे आणि बोटीने कराची गाठायची.

कराचीत त्यांनी आपली पत निर्माण केली, हे कबूल करावे लागेल. कस्टम्स, तारखाते, रेल्वे, बंदर, शाळा, इस्पितळे, बँडपथके, जेथे इंग्रजी आणि शिस्त लागे तेथे गोवेकर दिसे. १८८६ साली त्यांनी आपली संस्था काढली. सिन्सिनाटस डिआब्रेओ या गोवेकराच्या नावाची एक वसाहतच त्या शहरात वसली. मॅन्युएल मिस्किटा हे फाळणीपूर्वी कराचीचे महापौर झाले. १८६१ साली स्थापन झालेल्या सेंट पॅट्रिक्स शाळेत लालकृष्ण अडवाणी शिकले आणि परवेझ मुशर्रफही. फाळणीनंतर, १९५५ साली, पाकिस्तानच्या कसोटी संघात पहिला बिगरमुसलमान खेळाडू आला तो वॉलिस मथायस, कराचीच्याच गोवेकर समाजातला. त्याच्यामागून आलेला अंताव डिसोझा तर गोव्यात, नागव्याला जन्मलेला. बायच्या भावाने मथायसचे वृत्तपत्रातले छायाचित्र कापून पाठविले होते. बायच्या नवऱ्याने ते कपाटाच्या आतल्या बाजूला, पवित्र कुटुंबाच्या चित्राशेजारी चिकटविले होते. भारताविरुद्ध खेळणाऱ्या माणसाचे चित्र घरात का, असे माझ्या वडिलांनी एकदा थट्टेने विचारले, तेव्हा ते गृहस्थ गंभीरपणे म्हणाले होते, ‘‘मास्तर, तो आमचो.’’

१९५५ साली गोवा विमोचनाचा लढा पेटला. १५ ऑगस्टला सत्याग्रही याही मार्गाने गोव्यात शिरावयास निघाले होते. त्यानंतर भारताने गोव्याशी दळणवळण तोडले आणि कॅसलरॉक एका रात्रीत ओसाड झाले. बायचे बाकीचे सारे माहेर घाटाखाली, गाडीने काही तासांच्या अंतरावर, पण तेथे जाणे जवळजवळ अशक्य. उलट पोर्तुगीजांनी गोव्याहून कराचीस विमाने सुरू केली होती. कराचीचा भाऊ माहेरच्या घरी जाऊन येई आणि तेथील खुशाली कराचीहून कॅसलरॉकला पत्राने कळवी! सीमारेषा ज्यांनी आखल्या त्यांना असल्या गोष्टींचा पत्ताही नसतो. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि बाय पहिल्या संधीला घाट उतरून गेल्या. चार वर्षांनी, १९६५ च्या युद्धात, कराचीची पत्रे थांबली. मग ती कुवेतमधल्या एका नातेवाइकाच्या हातून वळसा घालून येऊ लागली.

भावाच्या पत्रांत त्या काळी भीतीचा सूर नव्हता, असे बाय सांगत. महंमद अली जिनांनी ११ ऑगस्ट १९४७ च्या भाषणात देवळात जा, मशिदीत जा, राज्याला त्याच्याशी कर्तव्य नाही, अशा अर्थाची ग्वाही दिली होती. गोवेकरांनी तिच्यावर विश्वास ठेवला, आणि काही वर्षे त्यांना पस्तावण्याचे कारण पडले नाही. कराचीचे आर्चबिशप जोसेफ कोर्देरो हे गोवेकर वंशाचेच, ते १९७३ साली कार्डिनल झाले. मात्र हळूहळू पायाखालची जमीन सरकू लागली होती. त्याच वर्षीच्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्ष व पंतप्रधान ही पदे मुसलमानांपुरती राखली. त्याआधी वर्षभर अनेक मिशनरी शाळा-कॉलेजे सरकारने ताब्यात घेतली होती. १९७७ मध्ये दारूबंदी आली, हॉटेलांतले बँड बंद पडले आणि वाजविणारे परदेशी निघाले. त्याच वर्षी जनरल झिया-उल-हक यांनी सत्ता घेतली. १९८५ साली अल्पसंख्याकांचे मतदारसंघ वेगळे झाले. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्त्यालाच मत द्यायचे, म्हणजे गावच्या मुसलमान आमदाराला त्याची गरजच उरू नये! ही पद्धत २००२ पर्यंत चालली. आणि १९८६ साली दंडसंहितेत २९५-सी हे कलम घातले गेले: पैगंबरांची निंदा केल्यास देहान्त वा जन्मठेप. १९९० साली शरियत न्यायालयाने जन्मठेपेचा पर्यायही बाद ठरविला.

या कलमाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. निंदा म्हणजे काय, हे त्यात सांगितलेले नाही. हेतू होता की नाही, हे पाहण्याची सक्ती नाही. फिर्यादीने उच्चारलेले शब्द न्यायालयात पुन्हा उच्चारणे हाही गुन्हा ठरेल, या भयाने साक्षीपुरावाच अर्धवट राहतो. या कलमाखाली आजवर सरकारने कोणासही फाशी दिलेले नाही, ही गोष्ट खरी आहे. परंतु आरोप होताच जमावाने, शेजाऱ्याने, कित्येकदा कैदेतल्या सहकैद्यानेच निकाल लावल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. निर्दोष सुटलेल्याला गावी परतता येत नाही. आरोपींत मुसलमानही मोठ्या संख्येने असतात. अहमदियांचे हाल तर वेगळेच. पण ख्रिस्ती माणसावर आरोप आला की शिक्षा त्याच्या एकट्यापुरती राहत नाही, सारी वस्ती जळते. २०२३ च्या ऑगस्टात फैसलाबादजवळच्या जडांवाला गावी कुराणाच्या विटंबनेची अफवा उठली आणि एका दिवसात वीसहून अधिक चर्च व कितीतरी घरे जाळली गेली.

येथे वाचकांना एक प्रश्न पडेल, मलाही पडला होता. बायच्या भावाची मुले तर टोरांटोला सुखरूप पोहोचली. मग हे जळणारे ख्रिस्ती कोण? २०२३ च्या शिरगणतीप्रमाणे पाकिस्तानात सुमारे तेहतीस लाख ख्रिस्ती आहेत, लोकसंख्येच्या दीड टक्क्याहूनही कमी. त्यांत गोवेकर मूठभर. बाकीचे बहुतेक पंजाबचे, आणि त्यांच्या ख्रिस्ती होण्याची कथा आपल्या देशातल्या एका जुन्या दुखण्याशी जोडलेली आहे. १८७३ साली सियालकोटकडे दित्त नावाच्या एका अशिक्षित, अस्पृश्य मानलेल्या माणसाने बाप्तिस्मा घेतला. कातडी विकीत तो गावोगाव फिरे, आणि फिरता फिरता आपल्या जातभाईंना नव्या धर्माची वार्ता सांगे. पुढच्या पन्नास वर्षांत त्या जातीचे लोक हजारोंनी ख्रिस्ती झाले. गावाबाहेर राहणारे, मेलेली गुरे ओढणारे, झाडू मारणारे हे लोक. धर्म बदलला, हातातला झाडू मात्र सुटला नाही. पाकिस्तान झाल्यावर जमीनदाराचे शेत, वीटभट्टी आणि शहरातली गटारे एवढेच त्यांच्या वाट्यास आले. झाडूवाल्यांच्या सरकारी नोकरीच्या जाहिरातींत ‘फक्त बिगरमुसलमानांसाठी’ अशी अट अलीकडेपर्यंत छापून येत असे. ज्या जातीच्या नावाने त्यांना पूर्वी हिणवीत, तेच नाव आज ‘ख्रिस्ती’ या अर्थी शिवी म्हणून वापरले जाते.

आसिया बीबीचा खटला या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. २००९ चा जून महिना, पंजाबातले इट्टनवाली गाव, रणरणते ऊन. बायका मजुरीने फालसे तोडीत होत्या. आसियाला पाणी आणावयास सांगितले. तिने विहिरीवरच्या भांड्याने पाणी आणले आणि स्वतःही प्यायले. बरोबरच्या दोघींनी ते पाणी घेण्याचे नाकारले, कारण ख्रिस्ती बाईच्या हाताने ते विटाळले होते. त्यावरून तोंडातोंडी झाली. काही दिवसांनी तिच्यावर पैगंबरांच्या निंदेचा आरोप आला, आणि २०१० च्या नोव्हेंबरात तिला देहान्ताची शिक्षा झाली.

त्या सुमारास मी रामनगरला गेलो होतो. सुप्याचे धरण झाले तेव्हा बुडीत गावांतली माणसे येथे आणून वसविली. बायही आता मुलाकडे याच गावी राहत होत्या, वय ऐंशीच्या घरात, कान मंद, पण वृत्तपत्राचे वाचन सुटलेले नव्हते. बेळगावचे मराठी वृत्तपत्र त्यांच्या मांडीवर होते. मी त्यांना आसियाची हकीकत वाचून दाखविली. कुराण, पैगंबर, न्यायालय हे सारे त्यांनी शांतपणे ऐकले. भांड्यापाशी आलो तेव्हा त्यांनी मला हाताने थांबविले.

‘‘उदकाक लागून?’’

मी म्हणालो, होय, पाण्यावरूनच. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी सांगितले की भावाच्या पत्रांत या लोकांचा उल्लेख असे. चर्चमध्ये ते मागच्या बाकांवर बसत. गोवेकरांच्या घरी कामास येत, पण जेवावयास कधी बसत नसत. भावाच्या एका मुलीने त्यांच्यापैकी एका तरुणाशी लग्न करावयाचे म्हटले, तेव्हा घरात महिनाभर अबोला होता. ‘‘क्रिस्तांव तेय, क्रिस्तांव आमीय,’’ बाय म्हणाल्या, आणि पुढचे वाक्य त्यांनी अर्धवटच सोडले.

महाडच्या चवदार तळ्याची आठवण त्या दिवशी मला झाली, आणि कोणाही मराठी माणसाला होईल. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर गावच्या सवर्णांनी पंचगव्याने तळे शुद्ध करून घेतले. महाडात विटाळ मानणारे हिंदू होते, इट्टनवालीत मुसलमान, आणि कराचीच्या दिवाणखान्यात, सौम्य रूपाने का होईना, ख्रिस्ती. फरक इतकाच की इट्टनवालीत त्या विटाळाच्या हाती एक कायदा होता, आणि त्या कायद्याच्या शेवटी फास होता.

बहुतेक खटल्यांच्या मुळाशी असेच काहीतरी ऐहिक सापडते. पाणी, नाही तर जागा, नाही तर मजुरीचा हिशेब. अयूब मसीह या तरुणाला १९९८ साली देहान्ताची शिक्षा झाली. त्याचा निषेध म्हणून ६ मे रोजी फैसलाबादचे बिशप जॉन जोसेफ यांनी साहिवालच्या न्यायालयाच्या आवारात स्वतःवर गोळी झाडून घेतली. चार वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने अयूबला निर्दोष ठरविले. फिर्यादीच्या मागे घराच्या जागेचा वाद होता. धर्मरक्षणाचे नाव आणि भूखंडाचे काम!

आसियाची बाजू घेणाऱ्यांचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे, कारण त्यांत केवळ ख्रिस्ती नव्हते. पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांनी तुरुंगात तिची भेट घेतली आणि या कायद्यावर उघड टीका केली. ४ जानेवारी २०११ रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने त्यांना ठार मारले. त्या मारेकऱ्यावर वकिलांनी फुले उधळली, आणि पुढे फाशी गेल्यावर त्याच्या कबरीवर दर्गा उठला. अल्पसंख्याक खात्याचे मंत्री शाहबाज भट्टी हे ख्रिस्ती, त्यांना २ मार्चला इस्लामाबादेत गोळ्या घातल्या. पुढे २०१८ च्या ऑक्टोबरात ज्या न्यायमूर्तींनी पुराव्यातील विसंगती दाखवून आसियाला निर्दोष सोडले ते मुसलमान, आणि जीव मुठीत धरून तिची बाजू मांडणारा वकील सैफुल मलूकही मुसलमान. निकालानंतर देशभर रस्ते अडविले गेले, न्यायमूर्तींना ठार मारा अशा घोषणा झाल्या. आसियाने नऊ वर्षांहून अधिक काळ कैदेत काढला. २०१९ च्या मे महिन्यात ती कॅनडाला पोहोचली.

आमच्या जोयडा तालुक्यातल्या माणसाने दुसऱ्याच्या देशाकडे बोट दाखविताना थोडे जपून असावे, असे मला वाटते. येथल्या रानातले कुणबी, ज्यांच्या कंदमुळांचा मेळा हल्ली भरतो, ते आपले पूर्वज गोव्यातून पोर्तुगीजांच्या धर्मांतराच्या जाचाला कंटाळून घाट चढून आले असे सांगतात. गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चार वर्षे वगळता, चालू होते. त्यांनी ज्यांना पळविले ते हिंदू. आणि याच जिल्ह्याच्या किनाऱ्यापासून खाली मंगळूरपर्यंतच्या ख्रिस्ती वस्त्या १७८४ साली टिपू सुलतानाने इंग्रजांना सामील असल्याच्या संशयावरून उठविल्या आणि हजारो माणसे श्रीरंगपट्टणला बंदीत नेली. त्यांतले कित्येकांचे आजे-पणजे गोव्याच्या त्याच इन्क्विझिशनला भिऊन कानडा मुलुखात आले होते. घाट तेच, वाटा त्याच, फक्त पळणारे आणि पाठलाग करणारे बदलत गेले.

बाय आता नाहीत. त्यांच्या भावाची मुले, नातवंडे टोरांटोच्या आसपास आहेत. ज्या मुलीवरून घरात अबोला झाला तीच एक कराचीत राहिली. तिने त्या तरुणाशी लग्न केले, आणि कॅनडाचे कागद आले तेव्हा त्याच्या आईवडिलांना सोडून जाता येईना. शाळेत शिकविते, आता निवृत्तीला आली असेल. गोवेकरांकडे परदेशी जाण्यासाठी शिक्षण होते, नातेवाईक होते, इंग्रजी होते. तिच्या सासरकडे त्यांतले काहीच नव्हते.

तिला माशांच्या आमटीत घालावयास आमसुले लागतात, कराचीत तिला हवी तशी मिळत नाहीत. बाय दर वर्षी जोयड्याच्या बाजारातली बिंदाची सोलां टपालाने पाठवीत. २०१९ च्या ऑगस्टानंतर दोन देशांतल्या टपालाचे रडगाणे झाले, आणि २०२५ च्या मे महिन्यात भारताने पाकिस्तानशी होणारी टपालाची देवघेव बंदच केली. गेल्या पावसाळ्याआधी मी रामनगरला गेलो, तेव्हा बायचा मुलगा ओसरीवर एक डबा बांधीत बसला होता. पत्ता टोरांटोचा होता. तिथला चुलतभाऊ नाताळात कराचीस जाणाऱ्या कोणाच्या तरी सामानात तो डबा घालणार होता.